पिकअपवरच्या खुणा: साधी गाडी लष्करी कशी होते

एप्रिल २०११ मध्ये लिबियातल्या ब्रेगा शहराबाहेर बंडखोरांनी आपल्या पिकअप गाड्यांचे टप भडक गुलाबी रंगाने रंगवायला घेतले. युद्धात गाडी लपवायची असते, आणि इथे माणसं ती लांबून दिसावी म्हणून धडपडत होती. कारण तसंच होतं. १ एप्रिलच्या रात्री बंडखोरांच्या ताफ्यातून कोणीतरी विमानविरोधी तोफ हवेत झाडली. वर नाटोची विमानं फिरत होती, ती बंडखोरांच्या मदतीसाठीच आलेली. पण वैमानिकाला खालून आपल्यावर मारा होतोय असं वाटलं आणि ताफ्यावर बॉम्ब पडला. तेरा जण गेले. आठवडा उलटायच्या आत नाटोने पुन्हा एकदा बंडखोरांच्याच रणगाड्यांवर हल्ला केला. त्यानंतर गुलाबी रंगाचे डबे बाहेर निघाले.

वैमानिकांची अडचणही खरी होती. उघड्या वाळवंटात रणगाडे सहज टिपले जातात हे लक्षात आल्यावर लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या सैन्यानेही साध्या पिकअप वापरायला सुरुवात केली होती. आता दोन्ही बाजूंकडे त्याच टोयोटा, मागच्या हौद्यात तशाच मशिनगन, आणि त्याच रस्त्याने सामानसुमान भरून पळणारी कुटुंबंही तशाच गाड्यांत. काही किलोमीटर उंचीवरून यातलं कोण कोण, हे कसं ओळखायचं?

रणगाडा पाहताक्षणी लष्करी आहे हे कळतं. युद्धनौका आकारावरून ओळखू येते. पिकअपचं तसं नाही. शेतमाल वाहणारी आणि तोफ वाहणारी पिकअप कारखान्यातून एकसारखीच बाहेर पडते. तिला लष्करी करतात त्या तिच्यावरच्या खुणा: रंग, आकडे, पट्ट्या, चिन्हं. म्हणूनच या खुणा समजून घेण्यासारख्या आहेत. त्या चुकल्या, पुसल्या गेल्या किंवा ज्याने वाचायच्या त्याला दिसल्याच नाहीत, तर माणसं मरतात.

पिकअपच का?

आधी गाडीबद्दल थोडं. बहुतेक मोटारींचं अंग आणि सांगाडा एकसंध असतो. पिकअपला खाली शिडीसारखी पोलादी चासी असते, तिच्यावर केबिन वेगळी आणि हौदा वेगळा बसवलेला. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. त्यामुळे हौदा काढून त्या जागी रुग्णवाहिकेची पेटी, रेडिओची खोली किंवा तोफेचा चौथरा बसवला तरी गाडीच्या मूळ बांधणीला धक्का लागत नाही. साधारण एक टन वजन ती निमूट वाहते. सुटे भाग जवळपास प्रत्येक देशात मिळतात आणि दुरुस्ती कुठल्याही मेकॅनिकला जमते. लष्कराच्या खास गाडीचा एखादा भाग मोडला तर तो ठरावीक पुरवठ्यातूनच यावा लागतो. हा फरक वाळवंटात फार मोठा ठरतो.

ही युक्ती नवी नाही. १९४० मध्ये राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने इजिप्तमध्ये 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला. लष्कराकडे हव्या तशा गाड्या नव्हत्या, म्हणून त्याने शेवरोलेचे व्यापारी ट्रक घेतले. दारं काढली, समोरची काच काढली, रेडिएटरमधून उडून जाणारी वाफ परत पाण्यात आणण्याची सोय केली, मशिनगन बसवल्या. त्या तुकडीतल्या न्यूझीलंडच्या सैनिकांनी ट्रकांना माओरी नावं दिली होती. त्यातला 'वाइकाहा' नावाचा एक ट्रक १९८० मध्ये वाळवंटात सापडला आणि आज तो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे.

पण पिकअपची खरी ताकद जगाला दिसली ती चाडमध्ये. १९८७ साली चाड आणि लिबिया यांच्यातल्या लढाईचं नावच 'टोयोटा युद्ध' पडलं. लिबियाकडे सोव्हिएत रणगाडे आणि विमानं होती. चाडकडे टोयोटा लँड क्रूझर पिकअप होत्या आणि त्यांच्यावर फ्रान्सकडून मिळालेली मिलान ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं. २ जानेवारी १९८७ ला फादा इथे चाडचा सेनापती हसन जामूस याच्या सैन्याने लिबियाच्या तळावर चारी बाजूंनी वेगाने धडक मारली. रणगाड्याचा बुरुज वळेपर्यंत पिकअप दुसरीकडे पोहोचलेली असायची. त्या लढाईत लिबियाचे सातशेहून अधिक सैनिक आणि नव्वदच्या आसपास रणगाडे गेले, चाडच्या बाजूला गेले अठरा सैनिक आणि तीन टोयोटा. मार्चमध्ये वादी दूमचा मोठा हवाई तळ पडला, सप्टेंबरमध्ये चाडचं सैन्य थेट लिबियाच्या हद्दीतल्या मातेन अस्-सार्रा तळावर जाऊन आलं. त्यानंतर युद्धबंदी झाली.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पिकअपला चिलखत नसतं. साध्या रायफलची गोळी तिच्या पत्र्यातून आरपार जाते. सोव्हिएत बनावटीची दुनळी झेडयू-२३ तोफ जवळपास साडेनऊशे किलोची आहे, म्हणजे गाडीची सगळी वहनक्षमता एकट्या तोफेतच संपते आणि दारूगोळा व माणसं त्यावर वरकड. झाडताना गाडी इतकी हादरते की नेम धरणं कठीण होतं. सोमालियापासून सीरियापर्यंत अशा गाड्यांना 'टेक्निकल' म्हणतात. त्यांच्यावरून लढणाऱ्यांचं आयुष्य सहसा लांब नसतं.

सरकारी खरेदी

पिकअप ही फक्त गरीब सैन्यांची किंवा बंडखोरांची गाडी आहे असा समज आहे, तो चुकीचा. अमेरिकेच्या लष्कराने १९६० च्या दशकापासून व्यापारी पिकअप घेतल्या आहेत. आधी कैसर जीपची एम-७१५, मग १९७० च्या दशकात डॉजची एम-८८०, आणि १९८४ पासून शेवरोलेच्या सीयूसीव्ही मालिकेच्या सुमारे सत्तर हजार गाड्या. सीयूसीव्ही हे 'व्यापारी उपयुक्त मालवाहू वाहन' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. हिशोब सरळ होता. आघाडीवर जायला हमवी ही नवी, महागडी लष्करी गाडी येत होती. पण टपाल, शिधा, निरोप आणि माणसं यांची छावणीतली ने-आण करायला प्रत्येक वेळी हमवी कशाला?

या मालिकेतली एम-१००८ ही सव्वा टनी पिकअप. एम-१००९ ही ब्लेझर नावाची बंद गाडी, एम-१०१० रुग्णवाहिका, एम-१०२८ रेडिओची खोली वाहणारी. इंजिन सगळ्यांत ६.२ लिटरचं डिझेल. बाहेरून या गाड्या शोरूममधल्यासारख्याच दिसत, बदल आत होते. सर्वांत महत्त्वाचा बदल विजेचा. साध्या गाडीत १२ व्होल्टची यंत्रणा असते, पण लष्करी रेडिओ आणि दुसऱ्या गाडीला वायर जोडून चालू करण्याची नाटोची पद्धत २४ व्होल्टवर चालते. म्हणून सीयूसीव्हीत दोन बॅटऱ्या आणि दोन अल्टरनेटर बसवले. स्टार्टर आणि रेडिओला २४, बाकी दिव्यांना नेहमीचे १२. शिवाय 'ब्लॅकआउट' दिवे, म्हणजे रात्रीच्या ताफ्यात मागच्याला पुढचा जेमतेम दिसेल इतकेच मिणमिणते. असा दिवा पिकअपवर दिसला तर ती कधीतरी लष्करात होती असं समजायला हरकत नाही.

हा विचार आजही चालू आहे. २०२० मध्ये अमेरिकी लष्कराने जनरल मोटर्सच्या संरक्षण विभागाला नऊ सैनिक नेणाऱ्या हलक्या वाहनाचं कंत्राट दिलं. त्याचा पाया शेवरोले कोलोरॅडो ही बाजारातली पिकअप आहे आणि त्यातले सुमारे नव्वद टक्के भाग व्यापारी आहेत. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरखाली टांगून ते नेता येतं.

आकडे कोणाशी बोलतात

आता खुणांकडे. प्रत्येक खुणेचा वाचक वेगळा असतो. हे एकदा लक्षात आलं की लष्करी गाडीवरची अक्षरं गूढ वाटत नाहीत.

पहिली खूण मालकाची. अमेरिकी गाडीवर नोंदणी क्रमांक असतो, तो गाडीच्या जन्मापासून शेवटापर्यंत बदलत नाही. भारतीय लष्कराच्या नंबर पाटीवर सुरुवातीला टोक वर असलेला बाण असतो, तो ब्रिटिश काळात सरकारी मालमत्तेवर उमटवायच्या बाणाचा वारस. हे क्रमांक भांडारातल्या हिशोबनीसासाठी. रणांगणावर त्यांचा कोणाला फारसा उपयोग नाही.

दुसरी खूण तुकडीची, आणि ती बंपरवर. अमेरिकी पद्धतीत बंपरच्या एका टोकाला मोठी रचना आणि तिच्याखालची रेजिमेंट किंवा बटालियन, दुसऱ्या टोकाला कंपनी आणि त्या कंपनीतला गाडीचा अनुक्रमांक. समजा एका टोकाला ८२ वी एअरबोर्न डिव्हिजन आणि तिची एक बटालियन, दुसऱ्या टोकाला 'बी' आणि १२ अशी अक्षरं आहेत. याचा अर्थ त्या बटालियनच्या बी कंपनीच्या ताफ्यातली बारावी गाडी. अंधारात, धुळीत वाहतूक नियंत्रण करणारा शिपाई हे वाचतो आणि कोणाला कोणत्या फाट्यावर वळवायचं ते ठरवतो. गाडी दुसऱ्या तुकडीकडे गेली की हे आकडे पुसून नवे रंगवतात. म्हणून जुन्या गाडीच्या बंपरवरचा रंग घासला तर खाली आधीची अक्षरं थरांथरांनी निघतात. जुन्या लष्करी गाड्या जपणारी मंडळी हे फार हळुवारपणे करतात, कारण त्या थरांत गाडीचा सगळा प्रवास असतो.

तिसरी खूण पुलाची. नाटोच्या देशांत गाडीच्या पुढच्या भागावर पिवळा गोल आणि त्यात काळा आकडा दिसतो. पुलाच्या तोंडाशीही तशीच पिवळी पाटी असते. गाडीवरचा आकडा पुलावरच्या आकड्याएवढा किंवा त्याहून कमी असेल तर गाडीने पुढे जावं. हा आकडा नुसत्या वजनाचा नसतो. चाकांतलं अंतर आणि आसांवर वजन कसं वाटलंय हेही त्यात धरलेलं असतं. पिकअपचा आकडा अगदी लहान असतो, पण मागे ट्रेलर जोडला की तो बदलतो, आणि नेमकं हेच घाईत विसरलं जातं.

बाकीच्या खुणा किरकोळ पण कामाच्या. चाकावरच्या पत्र्यावर टायरमधल्या हवेचा दाब, टाकीच्या तोंडाशी 'फक्त डिझेल', विमानात चढवायची असेल तेव्हा बाजूवर वजनाचा समतोल बिंदू. नवखा चालक दमलेला असताना चूक करू नये एवढाच त्यांचा उद्देश.

रंगाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. सीयूसीव्हीवर नंतरच्या काळात हिरवा, तपकिरी आणि काळा असा तिरंगी नाटो नमुना आला. तो रंग रासायनिक हल्ल्याचा विचार करून बनवलेला होता. साध्या रंगात विषारी द्रव मुरतं आणि गाडी धुतली तरी आत राहतं. हा रंग कडक आणि बंद पृष्ठाचा असल्याने विष वरच राहतं आणि धुता येतं. त्यातला हिरवा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातही पानांसारखा दिसावा अशी त्याची घडण असते. जिवंत पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. साधा हिरवा रंग तसं करत नाही, त्यामुळे रात्रीच्या दुर्बिणीत झाडीमध्ये गाडीचा काळा डाग दिसतो. दुकानातून आणलेला हिरवा डबा फासला की गाडी लपली असं समजणाऱ्यांना हा धडा महागात पडतो.

वरून पाहणाऱ्यासाठी

सर्वांत कठीण प्रश्न विमानाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने गाड्यांवर पांढरा तारा काढला. लांबून तो जर्मन क्रॉससारखा भासतो असं आढळल्यावर भोवती वर्तुळ आलं. पुढे हाच पांढरा तारा शत्रूच्या तोफखान्याला नेम धरायला सोयीचा पडतो असं दिसलं आणि नंतरच्या दशकांत खुणा काळ्या, फिकट झाल्या. आपल्या माणसाला दिसावं आणि शत्रूला दिसू नये, या दोन गरजा एकमेकींच्या उलट आहेत. आजवर कोणत्याही सैन्याला यातून पूर्ण सुटका मिळालेली नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात मित्रसैन्याच्या गाड्यांवर उलटा व्ही काढला होता, टपावर भडक नारिंगी कापड बांधत. तरीही २६ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकी ए-१० विमानांनी ब्रिटिश वॉरियर गाड्यांवर हल्ला केला आणि नऊ सैनिक मारले गेले. २८ मार्च २००३ ला बसऱ्याजवळ पुन्हा तसंच घडलं. या वेळी वैमानिकांना नारिंगी कापड दिसलं होतं. पण या भागात आपलं सैन्य नाही अशी त्यांची समजूत असल्याने ते त्यांना नारिंगी रॉकेटं वाटली. डोळ्यांना रंग दिसला, मनाने त्याचा अर्थ वेगळा लावला. या गाड्या चिलखती, लष्करी आकाराच्या होत्या. पिकअपला तर आकाराचाही आधार नाही. त्याच वर्षी ६ एप्रिलला उत्तर इराकमध्ये कुर्द लढवय्ये आणि अमेरिकी विशेष दलाच्या एकत्र ताफ्यावर अमेरिकी विमानाने बॉम्ब टाकला, त्यातही अनेक जण गेले.

आता विमानातून पाहणारा बरेचदा उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहतो, आणि त्या कॅमेऱ्याला रंग कळतच नाही. त्याला फक्त काय गरम, काय थंड एवढं दिसतं. यासाठी खास पाट्या असतात. त्यांचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो, म्हणून कॅमेऱ्यात गरम गाडीवर एक थंड चौकोन उठून दिसतो. नुसत्या रंगवलेल्या चिन्हाला हे जमत नाही. १ एप्रिल २०२४ च्या रात्री गाझामध्ये वर्ल्ड सेंट्रल किचन या अन्न पुरवणाऱ्या संस्थेच्या तीन गाड्यांवर इस्रायली ड्रोनने हल्ला केला आणि सात मदतकर्मी ठार झाले. गाड्यांच्या टपांवर संस्थेचं चिन्ह होतं. रात्री ड्रोनच्या कॅमेऱ्यात ते दिसलं नाही, असं इस्रायली सैन्याने नंतर सांगितलं. ज्या संस्था युद्धभूमीत गाड्या पाठवतात त्यांनी हे अतिशय गांभीर्याने घ्यायला हवं, आणि ज्याच्या हातात हल्ल्याचं बटण आहे त्याने तर त्याहून अधिक. चिन्ह दिसलं नाही म्हणजे समोरचा शत्रू ठरत नाही.

कायदा काय म्हणतो

समुद्रावर नियम स्पष्ट आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात युद्धनौकेच्या व्याख्येतच राष्ट्रीयत्वाची बाह्य खूण हवी असं म्हटलंय. जमिनीवरच्या गाड्यांसाठी असा सरसकट नियम नाही. पांढऱ्या, निनावी पिकअपमधून सैनिक गेले म्हणून तेवढ्याने युद्धगुन्हा होत नाही. पण जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये दोन गोष्टी ठळक आहेत. नागरिक असल्याचं किंवा संरक्षित असल्याचं भासवून, त्या विश्वासाचा फायदा घेत शत्रूला मारणं किंवा जखमी करणं हा विश्वासघात ठरतो आणि त्याला मनाई आहे. आणि हल्ला करताना शत्रूची चिन्हं, ध्वज, गणवेश वापरायलाही मनाई आहे.

रेड क्रॉसची गोष्ट आणखी कडक. लाल क्रॉस, लाल चंद्रकोर आणि २००५ मध्ये मान्य झालेला लाल स्फटिक ही चिन्हं रंगवायची मुभा वाटेल त्याला नसते. लष्करात ती सक्षम अधिकाऱ्याच्या नियंत्रणाखालीच लावली जातात. एम-१०१० सारख्या रुग्णवाहिकेवर क्रॉस असताना तिच्यातून दारूगोळा नेला तर संरक्षण त्या एका गाडीचंच जात नाही. पुढच्या प्रत्येक रुग्णवाहिकेकडे शत्रू संशयाने बघू लागतो. या एका कारणासाठी या चिन्हाचा गैरवापर मला सर्वांत घातक वाटतो.

खुणा उरतात तेव्हा

अफगाण सैन्याला अमेरिकेने हजारो फोर्ड रेंजर पिकअप दिल्या होत्या. सैन्याच्या वाळूच्या रंगाच्या, पोलिसांच्या हिरव्या. २०२१ मध्ये त्या तालिबानकडे गेल्या. गाड्या त्याच, रंगही तोच, फक्त झेंडा बदलला.

युक्रेनमध्ये २०२२ पासून स्वयंसेवकांनी युरोपभरातून जुन्या पिकअप जमवून आघाडीवर पाठवल्या. चकचकीत पांढऱ्या, निळ्या, लाल गाड्यांवर मॅट हिरवा रंग रोलरने फासला गेला. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या प्रदूषण नियमात न बसणाऱ्या गाड्या भंगारात देण्याऐवजी युक्रेनला देण्याची सोयही झाली. त्या युद्धात दोन्ही बाजूंची बरीच शस्त्रं एकाच सोव्हिएत घराण्यातली, म्हणून रशियाने झेड आणि व्ही ही अक्षरं रंगवली, तर सप्टेंबर २०२२ च्या खार्किव मोहिमेत युक्रेनी गाड्यांवर पांढरे क्रॉस आले. अशी खूण शत्रूने उचलली की तिचा उपयोग संपतो, मग नवी ठरवावी लागते.

काही खुणा मात्र कोणी ठरवून काढलेल्या नसतात, त्या पुसायच्या राहून गेलेल्या असतात. टेक्सासमधल्या एका प्लंबरने २०१३ मध्ये आपली जुनी फोर्ड पिकअप विक्रेत्याकडे दिली आणि नवी घेतली. दारावर त्याच्या व्यवसायाचं नाव आणि फोन नंबर तसाच राहिला. गाडी लिलावातून तुर्कस्तानमार्गे सीरियात पोहोचली. २०१४ च्या अखेरीस हौद्यात विमानविरोधी तोफ बसवलेल्या त्या गाडीचा फोटो जगभर फिरला, दारावरचा नंबर स्पष्ट वाचता येत होता. त्या माणसाला धमक्यांचे असंख्य फोन आले आणि काही काळ धंदा बंद ठेवावा लागला. प्रकरण न्यायालयात गेलं.

कारखान्यापासून युद्धभूमीपर्यंतच्या या वाटेवर मूळ कंपनीचा ताबा फार लवकर सुटतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने इस्लामिक स्टेटकडे इतक्या टोयोटा कुठून आल्या याची विचारणा केली, तेव्हा टोयोटाने लष्करी बदल करणाऱ्यांना गाड्या न विकण्याचं आपलं धोरण सांगितलं आणि चौकशीला मदत केली. पण दुसऱ्या, तिसऱ्या हाताने विकल्या गेलेल्या गाडीवर धोरण चालत नाही. २०२१ मध्ये जपानमध्ये नवी लँड क्रूझर ३०० विकताना कंपनीने ग्राहकांकडून वर्षभर गाडी परदेशी न पाठवण्याची लेखी हमी घ्यायला सुरुवात केली.